खिळे टोचलेली बाई

प्रश्न: पडल्यामुळे लेक दोन महिने प्लास्टरमध्ये आहे, आणि भिंतीवर फ्रिडा काहलोचं खिळे टोचलेलं चित्र लावून बसलीय. मला तर बघवत नाही हो, असलं कोण काढतं? (एक आई, नेरूळ)

उत्तर: ताई, ते 'द ब्रोकन कॉलम', 1944 चं. फ्रिडा ही मेक्सिकोची चित्रकार, तिला लहानपणी पोलिओ, त्यात 1925 मध्ये मेक्सिको सिटीत बस-ट्रामचा अपघात, वय फक्त 18, कणा मोडला, पाय मोडला, मग अंथरुणावर पडल्या पडल्या आईने झोपूनच चित्र काढता येईल असं ईझल (चित्र ठेवायची चौकट) करून दिलं नि वर आरसा लावला, आता आरशात दिसणार कोण, आपणच ना, म्हणून स्वतःचेच चेहरे काढत गेली. त्या चित्रात कण्याच्या जागी तडकलेला खांब आहे, अंगभर खिळे, कमरेला पट्टे, डोळ्यांत पाणी. पण नजर बघा, सरळ आपल्याकडे, दया नकोय तिला (मला तरी तसंच वाटतं). कण्याला आधार म्हणून अंगावर घातलेले प्लास्टरचे कॉर्सेटसुद्धा रंगवायची ती! चित्र राहू द्या भिंतीवर, आणि लेकीला अॅक्रिलिक रंग आणून द्या, प्लास्टर कोरंच असेल अजून.