उत्पन्न निम्मं, खर्च दुप्पट

प्रिय मुला,

परवा बाजारात तुझी माय भेटली. म्हणाली, "मास्तर, त्यानं चालणं सोडलं जी. काऊन विचारलं तं भिंतीकडं तोंड करते." घरी आलो आणि लिहायलाच बसलो.

काऊन सोडलं असशील, ते मला ठाऊक आहे. तुझ्यासारखाच नऊ वर्षांपूर्वी मलाही लकवा झाला, उजवी बाजू गेली, तेव्हा दवाखान्यातून बोटांचे, खांद्याचे, गुडघ्याचे व्यायाम शिकून घरी आलो. दमाबद्दल, म्हणजे न थकता चालत राहायच्या ताकदीबद्दल, कोणी चकार शब्द काढला नव्हता. पाच महिने ओसरीवर बसून चेंडू दाबत राहिलो. हात थोडा सुधारला, पण दारापासून मारुतीच्या पारापर्यंत गेलं तरी नांगर ओढल्यासारखा जीव खालीवर व्हायचा. मला वाटायचं, लकवा वाढतो आहे.

पुढे तालुक्याला एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं समजावलं. लकव्यानंतर हृदय-फुप्फुसांची ताकद आपल्याच वयाच्या धडधाकट माणसाच्या निम्म्यापर्यंत उतरते. शिवाय पाय ओढत चालायला एरवीच्या दुपटीपर्यंत शक्ती लागते. उत्पन्न निम्मं, खर्च दुप्पट. असा संसार किती दिवस चालेल? खाटेवर पडून राहिलास तर ते निम्मं उत्पन्नही घटत जाईल. तुला जो थकवा येतो, त्यातला बराचसा या दमाचा आहे, आणि दम पुन्हा कमावता येतो. हात-पाय भरभर सुधारतात ते पहिल्या काही महिन्यांत, पण दम वर्षांनंतरही वाढतो. माझा दुसऱ्या वर्षी वाढला.

अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2014 मध्ये लकव्याच्या रुग्णांसाठी सांगितलेलं दमाच्या व्यायामाचं माप असं: आठवड्यातून 3 ते 5 दिवस, दर वेळी 20 ते 60 मिनिटं. एका दमात होत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. मी पाच मिनिटांपासून सुरुवात केली होती. तू आधी डॉक्टरांना बीपी आणि हृदय दाखव, मगच वाढव. किती जोरानं चालायचं, हे नाडीवर ठरवू नकोस. बीपीच्या काही गोळ्या नाडी दाबून धरतात, त्यामुळे आकडा फसवतो. सोबतच्या माणसाशी बोलता यावं, पण भजन म्हणता येऊ नये, इतका वेग ठेव. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथंच बस. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला, तर घरी वाट न पाहता थेट मोठा दवाखाना गाठायचा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता खरी गोष्ट. तुला लोक पाहतात, त्याची लाज वाटते. एकतिसाव्या वर्षी पाय फरफटत चौकातून जायचं! मीसुद्धा पहिले कित्येक दिवस अंधार असतानाच निघायचो, आणि त्या अंधारात पांदणीच्या दगडाला अडखळून पडलो. ते करू नकोस. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या सर्च संस्थेनं 86 गावांत मृत्यूंची कारणं शोधली. 2015 साली छापलेल्या त्या पाहणीत सातातला एक मृत्यू लकव्याचा निघाला. म्हणजे ज्या घरासमोरून तुला जायला लाज वाटते, त्या घरातही कोणी ना कोणी यानं गेलेलं असू शकतं. आपण दोघं वाचलो आहोत, पोरा. उजेडात चाल.

पावसाळ्यात काळी माती पायाला धरते, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या घाल, हेडमास्तरांशी मी बोलतो. मे महिन्यात ऊन चढायच्या आत परत ये आणि पाणी पिऊन निघ. कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सगळे वावरात असतात, सोबत मिळत नाही. माझं चालणं दोनदा सुटलं, ते त्याच दिवसांत. प्रत्येक वेळी दम पार उतरला होता, आणि पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू करावं लागलं. म्हणून यंदा वेचणीत मी तुझ्यासोबत येईन.

पण सुरुवात त्याआधी करू. डॉक्टरांकडं या आठवड्यातच जाऊन ये. सोमवारी सहा वाजता मी तुमच्या फाटकाशी उभा राहीन. पाऊल सरळ धरणारा पायाचा स्प्लिंट आणि बूट घालून तयार राहा, काठी घे. पहिल्या दिवशी पारापर्यंतच जाऊ. पारावर बसून पाणी पिऊ आणि परत येऊ.

तुझा,
मास्तर