जे दिसलं नाही, तेही लिही

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय पोरी,

तू विद्यापीठात परिसंस्थाशास्त्र घेतलंस आणि त्यातही जीवभूगोलाकडे, म्हणजे कुठला जीव कुठे आणि का आढळतो याकडे, तुझा ओढा आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. पुढे नोकरीचं काय, हे तिनं विचारलं. त्याचं मी तिच्याशी बोलेन. तुला एकच गोष्ट सांगायची आहे.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ तुला ठाऊक आहे. १९१३ साली प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी लंडनमध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढची सुमारे नव्वद वर्षं 'जगात फक्त इथेच' असं आपण अभिमानानं सांगत आलो. मग ते कंबोडियात मिळालं, मेघालयातही मिळालं. म्हणजे नकाशावरचा आपला एकुलता एक ठिपका वटवाघळाचा कमी आणि बघणाऱ्या माणसांचा जास्त होता. कुठला जीव कुठे आहे याबद्दलच्या या अपुऱ्या माहितीला शास्त्रात निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेसच्या नावावरून 'वॉलेशियन उणीव' म्हणतात.

आता उलटं उदाहरण घे. चोर्ला घाटाच्या मातीत देवगांडूळ आहे; दिसायला गांडुळासारखं, पण खरं तर बेडकासारखा उभयचर, फक्त पाय नसलेला. त्याच्या एका जातीला २००७ साली म्हादई नदीचं नाव मिळालं. त्याचे जवळचे नातलग कुठे, तर सेशेल्स बेटांवर! मध्ये अख्खा हिंदी महासागर, आणि याच्या ओल्या कातडीला खारं पाणी सोसत नाही. पूर्वी जोडलेली जमीनच तुटून सरकली आणि एक घराणं दोन्हीकडे राहिलं. इथं मधली रिकामी जागा खरीच रिकामी आहे.

ही खरी रिकामी जागा कुठली आणि कुणी न बघितलेली कुठली, हे ओळखण्यात तुझी पुष्कळ वर्षं जातील. जायलाच हवीत.

मी इथेच चुकलो. तरुणपणी जांबोटीच्या रानात शेकरू दिसलं की तारीख, झाड, वेळ सगळं वहीत लिहायचो. दिसलं नाही, तर पान कोरंच ठेवायचो. आज त्या रानातल्या, माझ्या वहीत नोंद नसलेल्या तीन ठिकाणी शेकरू नाही. ते तिथून गेलं, की तेव्हाही नव्हतं? माझ्या वह्या सांगू शकत नाहीत. मी त्या दिवशी तिथे गेलो होतो का, हेसुद्धा त्यांत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा जा. किती वेळ थांबलीस, पाऊस होता का, धुकं होतं का, काय दिसलं आणि काय नाही, सगळं त्याच दिवशी लिही. 'एकदा दिसलं नाही' आणि 'दहा फेऱ्यांत एकदाही दिसलं नाही' यांतला फरक मोजायला संख्याशास्त्र लागतं, त्याला घाबरू नकोस. कन्नड वाचायला-लिहायला नीट शीक. कर्नाटकाच्या वनखात्याची परवानगी तर त्याशिवाय अवघडच, पण झाडापाखरांची निम्मी माहिती शेजारच्या गावात कन्नड नावांनी जपलेली असते. परवानगीशिवाय अभयारण्यात पाऊल नको, आणि गुहेत टॉर्च मारत शिरायचं तर मुळीच नाही.

पहिल्या प्रकल्पाला लांब कशाला जायचं? कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते, आणि याच तालुक्यातली म्हादई गोव्याकडून अरबी समुद्राला. मध्ये नुसता डोंगराचा कणा. माशाला तो ओलांडता येत नाही. दोन्हीकडच्या ओढ्यांत कुठले मासे आहेत आणि किती तास बघूनही कुठले मिळाले नाहीत, एवढंच मांडलंस तरी भरपूर.

जांबोटीची ती तीन ठिकाणं मला अजून अचूक दाखवता येतात. पाऊस उघडला की ये, आणि कोरी वही आण.

तुझे
सर