अमेरिकेच्या एथिक्स कमिटीत दोन्ही पक्षांचे पाच-पाच सदस्य असतात, तरी सभापती आपल्या माणसाला वाचवू शकतो का?

तुम्ही विचारलंय की आपल्या लोकसभेच्या आचार समितीत सत्ताधाऱ्यांचं पारडं जड असतं, पण अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे सदस्यांच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीत, संख्या समसमान. मग पक्षपाताला वाव कुठे उरतो? मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो, मतदार आहे आणि हा विषय जिव्हाळ्याने पाहत आलोय.

वाचवता येतं. त्यासाठी कमिटीतलं एकही मत फोडावं लागत नाही. पाच विरुद्ध पाच होऊन गाडं अडलं तर पुढे काय, हे गृहाचे नियम सांगतात. ते नियम बहुमतवाला पक्ष मंजूर करून घेतो, आणि सभापती त्याच पक्षाचा असतो.

२००४ चं उदाहरण घ्या. रिपब्लिकन बहुमताचे नेते टॉम डीले यांना कमिटीने जेमतेम आठवड्याभरात दोनदा समज दिली, दोन्ही वेळा एकमताने. कमिटीचे अध्यक्ष होते कोलोरॅडोचे जोएल हेफ्ली, डीलेंच्याच पक्षाचे. स्वतःच्या नेत्याविरुद्ध अशी सही करायला काय लागतं, हे गावच्या पंचायतीत बसलेला माणूसही सांगेल. फेब्रुवारी २००५ मध्ये सभापती डेनिस हॅस्टर्ट यांनी हेफ्लींच्या जागी दुसरा अध्यक्ष आणला. मुदत संपली होती, असं पक्षाने सांगितलं. पण त्यांच्यासोबत आणखी दोन रिपब्लिकन सदस्यही गेले, आणि मला तरी ती शिक्षाच वाटली.

त्याआधीच, जानेवारीत, नियम बदलला होता. पूर्वी अध्यक्ष आणि विरोधी बाजूचे प्रमुख सदस्य यांनी ४५ दिवसांत तक्रारीवर काही ठरवलं नाही, तर ती आपोआप चौकशीच्या उपसमितीकडे जायची. नव्या नियमाने ती आपोआप निकाली निघू लागली. म्हणजे एका बाजूने नुसतं गप्प बसलं की काम झालं! डेमोक्रॅटांनी कमिटीचं कामच सुरू होऊ दिलं नाही. शेवटी २७ एप्रिलला ४०६ विरुद्ध २० मतांनी जुना नियम परत आला.

एकाच पक्षाला दोष देऊन भागत नाही. डेमोक्रॅट सभापती जिम राइट यांना १९८९ मध्ये पद सोडावं लागलं. तक्रार रिपब्लिकन न्यूट गिंगरिच यांची होती. पुढे गिंगरिच स्वतः सभापती झाले आणि जानेवारी १९९७ मध्ये ३९५ विरुद्ध २८ मतांनी गृहाने त्यांच्यावर ठपका ठेवला, वर ३ लाख डॉलर भरायला लावले. त्यानंतर दोन्ही पक्षांनी जणू हत्यारं म्यान केली: तू माझ्यावर तक्रार करू नकोस, मी तुझ्यावर करणार नाही. बाहेरच्यांना थेट तक्रार करायची वाटही त्याच वर्षी बंद झाली. ही समजूत २००४ पर्यंत टिकली. भांडणापेक्षा हा समेटच मला जास्त घातक वाटतो.

म्हणूनच २००८ मध्ये नॅन्सी पेलोसी सभापती असताना सदस्यांवरच्या आरोपांची आधी छाननी करणारं, बाहेरच्या माणसांचं कार्यालय उभं राहिलं, ही मला मोठी गोष्ट वाटते. त्याच्या मंडळावर विद्यमान खासदार बसू शकत नाही. समन्स काढायचा अधिकार त्याला नाही, पण त्याने प्रकरण एथिक्स कमिटीकडे पाठवलं की ते कायमचं दाबून ठेवणं अवघड होतं, कारण अहवाल बहुतेक वेळा जाहीर करावाच लागतो.

२ जानेवारी २०१७ च्या रात्री रिपब्लिकन सदस्यांनी बंद दाराआड ११९ विरुद्ध ७४ मतांनी हे कार्यालय कमिटीच्या ताब्यात द्यायचं ठरवलं. सभापती पॉल रायन यांचा या घाईला विरोध होता, तरी कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन लावला. चार वेळा एंगेज. पाचव्यांदा एका मुलीने उचलला. तिने आधी माझा झिप कोड विचारला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "एथिक्सबद्दल ना? लिहून घेतलंय." आवाजावरून कळत होतं, सकाळपासून ती हेच लिहीत होती. देशभरातून असेच फोन गेले, ट्रम्प यांनीही ट्विट करून या घाईवर टीका केली आणि दुपारपर्यंत प्रस्ताव मागे घेतला गेला. त्या दिवशी मला या देशाचा नागरिक असल्याचं मनापासून बरं वाटलं.

सभापतीचं नेहमीच चालतं असंही नाही. रिपब्लिकन सदस्य जॉर्ज सँटोस यांचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. १ डिसेंबर २०२३ ला ३११ विरुद्ध ११४ मतांनी त्यांना गृहातून काढलं, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे सभापती माइक जॉन्सन यांचं मत हकालपट्टीच्या विरोधात पडलं. १०५ रिपब्लिकन मात्र जॉन्सन यांच्यासोबत गेले नाहीत. हकालपट्टीला दोन तृतीयांश मतं लागतात, ती या १०५ जणांमुळे जुळली.

पुढे लक्ष ठेवायचं असेल तर भाषणांपेक्षा नेमणुकांच्या तारखा बघा. २०२५ मध्ये त्या बाहेरच्या माणसांच्या कार्यालयाचं नाव बदललं, पण मंडळावरची निम्मी माणसं सभापतीने आणि निम्मी विरोधी नेत्याने निवडायची, हे जुनंच आहे. नवं गृह भरलं आणि या नेमणुका रखडल्या, तर नवी चौकशी सुरू करायला मंजुरी देणारं कुणी जागेवर नसतं.