डिअर हंटिंगसाठी .२७०, ७ एमएम-०८ किंवा .३०८ मध्ये कोणती बुलेट घ्यावी? की सरळ मॅग्नम घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पहिली डिअर रायफल घ्यायची आहे, .२७०, ७ एमएम-०८ आणि .३०८ या तीन कॅलिबरमध्ये गोंधळ होतोय, बुलेट कोणती आणि किती ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) ते कळत नाहीये, आणि शेवटी एक वाक्य टाकलंय की ओळखीचे लोक म्हणतात ही कॅलिबर कमी पडतात, मॅग्नमच घे, म्हणजे जास्त दारूचं, जास्त वेगाचं काडतूस. बाकीच्याचं उत्तर चार ओळींत देऊन मोकळा झालो असतो, पण हे शेवटचं वाक्य मी आमच्याच घरात वर्षानुवर्षं ऐकत आलोय, त्यामुळे आता सविस्तर लिहितो.

हरणासाठी या तिन्हीतलं एकही कॅलिबर कमी पडत नाही. कमी पडते ती गोळी, म्हणजे तिची बांधणी, आणि तीसुद्धा ती किती स्पीडने कुठे जाऊन बसली यावर. हे ज्याला पटत नाही त्याला कितीही मोठी रायफल द्या, तो परत तिथेच येऊन अडकणार.

मला शिकार दाजींनी शिकवली, माझ्या मोठ्या बहिणीच्या मिस्टरांनी. वारा कसा बघायचा, ताजा माग कोणता आणि शिळा कोणता, कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करून आधी पलीकडे कशी ठेवायची, सगळं त्यांचंच. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालताना मला जड जातं, पण या एका विषयावर मी मागे हटलेलो नाही. दाजींची .२७० आहे, १३० ग्रेनची गोळी बॅरलमधून साधारण ३०६० फूट प्रति सेकंदाने निघते. एका सीझनला त्यांनी नेहमीची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं शिसं असलेली) सोडून प्लास्टिक टिपवाली नवीन गोळी आणली, जॅकेट, म्हणजे शिशावरचं तांब्याचं आवरण, पातळ, लांबवर स्पीड कमी झाला तरी फुलावी, म्हणजे लागल्यावर टोक पसरून रुंद व्हावं, म्हणून बनवलेली. टार्गेटवर तिचे ग्रुप खरंच सुंदर यायचे, गोळ्या अगदी जवळजवळ लागायच्या, त्यामुळे दाजी खूश. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण तीच गोळी अडीचशे यार्डांवर बरगड्यांत बसली असती तर बहुतेक नीट वागली असती.

पण नर आला तो चाळीस यार्डांवर, आणि पूर्ण आडवा न येता आमच्याकडे थोडा तिरका, खांदा पुढे करून. दाजींचा नेम पक्का आहे, त्यांनी जिथे धरली तिथेच बसली, खांद्याच्या सांध्यावर. हरीण पुढच्या पायावर कोसळलं, उठलं, आणि एक पाय लोंबकळत झाडीत घुसलं. जिथे लागलं होतं तिथे केसांचा पुंजका, हाडाची एक कपची आणि बऱ्यापैकी रक्त होतं, म्हणून दाजी म्हणाले इथेच कुठेतरी पडलेलं असणार. थोडं पुढे गेलो आणि रक्त जवळपास बंद. नुसते टिपके, तेही दोन-चार पावलांना एक. पानगळीचे दिवस, अर्धी पानं मुळातच लाल ठिपक्यांची, हेडलॅम्पच्या उजेडात प्रत्येक ठिपका रक्तासारखाच दिसतो. बोट ओलं करून पान चोळायचं, रंग बोटाला आला तर रक्त, नाही आला तर पान टाकून पुढचं. शेवटचं पक्कं रक्त सापडेल तिथे टिशू पेपरचा तुकडा फांदीला लावायचा आणि तिथून गुडघ्यावर बसून पुढे. मधे एकदा माग पूर्ण तुटला आणि मागे वळून त्या पांढऱ्या तुकड्यांची ओळ बघितली तेव्हा कळलं की ते वळून उतारावर गेलंय. मिळालं तेव्हा जिवंत होतं, मान वर करून बसलेलं, आणि दाजींना जवळून दुसरी गोळी घालावी लागली. इतका वेळ ते जनावर त्या अवस्थेत होतं याचा मला आजही राग येतो, आणि हा प्रश्न असा हलक्यात विचारलेला दिसला की तो राग परत वर येतो.

सोलताना सगळं समजलं. बाहेरच्या बाजूला खांद्यावर तळहाताएवढा खड्डा, आजूबाजूचं मांस रक्ताने काळंनिळं होऊन जेलीसारखं झालेलं, ते सगळं टाकून द्यावं लागलं. बरगड्यांच्या आत गेले होते ते फक्त बारीक तुकडे, जवळच्या फुफ्फुसाला जेमतेम खरचटलेलं, पलीकडचं फुफ्फुस अखंड. एका बरगडीला चिकटलेलं जॅकेट मिळालं, नखाएवढं, चुरगळलेलं तांबं, आतलं शिसं सगळं उडून गेलेलं. पलीकडे भोक नाहीच. भोक नाही म्हणून रक्ताचा माग नाही, आणि आत नुकसान नाही म्हणून हरीण पळू शकलं.

हे सगळं समोर टेबलावर असताना दाजी म्हणाले, ".२७० कमी पडली रे." आणि पुढच्या सीझनच्या आत .३०० विनचेस्टर मॅग्नम घेतली. त्यात गोळी कोणती? त्याच प्रकारची, पातळ जॅकेटची! मी म्हटलं दाजी, जी गोळी ३००० ला फुटतेय ती ३३०० ला जास्तच फुटणार ना, स्पीडने तर ती फुटली. त्यांचं म्हणणं, "एनर्जी बघ ना डब्यावर, २७०० फूट-पाउंड कुठे आणि ३६०० कुठे."

तर आता ही एनर्जीची गोष्ट. डब्यावरचा आकडा हे वजन आणि स्पीड यांचं गणित आहे, गोळी कशाची बनलीय हे त्या गणितात कुठेच येत नाही. त्याच वजनाची, त्याच स्पीडची फुल मेटल जॅकेट (एफएमजे, टोकही आवरणाने झाकलेली, न फुलणारी) घ्या, एनर्जी तंतोतंत तेवढीच दिसेल, आणि हरणातून बारीकसं भोक पाडून निघून जाईल, हरीण पार लांब जाऊन कुठेतरी मरेल. म्हणून तर खूप ठिकाणी डिअरसाठी एफएमजे चालतच नाही, फुलणारी गोळीच लागते. युद्धाचा नियम नेमका उलटा, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनलेल्या फुलणाऱ्या गोळ्यांवरून इतका गदारोळ झाला की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धासाठी अशा गोळ्यांवर बंदी आली. शिकारीत मात्र फुलणारी गोळीच दयेची आहे, कारण तिथे जनावर लगेच पडलं पाहिजे. ते "डिअरला किमान हजार फूट-पाउंड" वगैरे जे सांगतात त्याला काही अर्थ नाही. दोन्ही फुफ्फुसांत रुंद भोक पडलं की रक्तदाब जातो, मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही आणि काही सेकंदांत हरीण पडतं, मग फूट-पाउंड किती होते हे कोणी विचारत नाही. त्या काही सेकंदांत ते पन्नास-शंभर यार्ड पळू शकतं, ते नॉर्मल आहे, आणि त्यासाठीच पलीकडे भोक हवं, म्हणजे माग मिळतो.

मॅग्नमवाल्यांनी एक किस्सा लक्षात ठेवावा. १९४६ मध्ये जॉन नोस्लर कॅनडात मूसच्या, म्हणजे प्रचंड मोठ्या जातीच्या हरणाच्या, शिकारीला गेले होते, हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, आणि त्यांच्या गोळ्या मूसच्या खांद्यावर वरच्या वर फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. म्हणजे दाजींचीच केस, फक्त जनावर मोठं. नोस्लरनी आणखी मोठी रायफल घेतली नाही, घरी येऊन गोळी बदलली. मधे तांब्याची आडवी भिंत घातली, पुढचा भाग फुलून झडला तरी मागचा अर्धा भाग शाबूत राहून आत जात राहतो. तीच पार्टिशन नावाची गोळी, १९४८ पासून विकली जातेय आणि आजही चालते. मी हे दाजींना कितीदा सांगितलंय, ते म्हणतात मूस वेगळा आणि डिअर वेगळं. अहो मग तर डिअरसाठी मॅग्नम अजिबातच नको ना!

बरं, तुमच्या प्रश्नाकडे येतो. .२७० मध्ये १३० ग्रेन, ७ एमएम-०८ मध्ये १४०, .३०८ मध्ये १५०. संपलं, यावर रात्रभर वाचत बसू नका. कोअर-लॉक्ट, पॉवर-पॉइंट, इंटरलॉक असल्या साध्या सॉफ्ट पॉइंटने आजवर अगणित हरणं पडली आहेत, कोअर-लॉक्ट तर १९३९ पासून आहे. .३०८ ची १५० ग्रेन कोअर-लॉक्ट २८२० ने निघते आणि ३०० यार्डांवर अजून २००० च्या वर असते, साध्या गोळीला फुलायला साधारण १८०० लागतात, म्हणजे नवीन माणसाने जेवढ्या अंतरावरून मारावं त्याच्या कितीतरी पुढपर्यंत ती काम करते. जंगलात जवळून मारायचं असेल, खांद्यावर बसायची शक्यता असेल, किंवा .२७० सारखी वेगवान रायफल असेल तर बॉन्डेड घ्या, फ्यूजन किंवा अॅक्युबॉन्ड, शिसं जॅकेटला जोडलेलं असल्यामुळे ती एकसंध राहते. मॅच बुलेट, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेची गोळी, अजिबात नको, ग्रुप कितीही छान येऊ देत, मॅचकिंगबद्दल तर ती बनवणारी सिएरा कंपनीच सांगते की ती शिकारीसाठी नाही. आणि बॅलिस्टिक कोएफिशंटच्या (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा) मागे लागणं हा दीडशे यार्डांच्या शिकारीत निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

कॅलिबर कमी पडतं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. माझा भाचा, म्हणजे दाजींचाच मुलगा, .२४३ वापरतो. दाजी त्याला म्हणायचे ही खेळण्यातली आहे, मोठी घे. मी त्याला १०० ग्रेनची बॉन्डेड दिली आणि एकच सांगितलं, आडवं किंवा पलीकडे तोंड करून तिरकं उभं असेल तरच मार, नाहीतर सोड. त्याने पहिलंच हरीण तसं मारलं, गोळी मागच्या बरगड्यांतून शिरली आणि पुढच्या खांद्याच्या पलीकडून बाहेर आली, दोन्ही फुफ्फुसं गेली, गुलाबी फेसाळ रक्ताचा असा पट्टा पडला होता की हेडलॅम्प लावायची गरज नव्हती. १०० ग्रेनच्या .२४३ ची सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने गोळीचं वजन) .२४२ येते आणि १३० ग्रेनच्या .२७० ची पण .२४२, तेव्हा हे काही आश्चर्य नाही. दाजी तिथेच होते. काही बोलले नाहीत, पण आता त्यांच्या .३०० मध्ये १८० ग्रेनची पार्टिशन असते, आणि कोणी विचारलं तर अजून सांगतात की फरक मॅग्नममुळे पडला.

काही गोष्टी राहिल्या त्या सांगतो. एका हरणावरून नियम होत नाही हे मला मान्य आहे, आणि पातळ जॅकेटच्या गोळीने खांद्यामागे बरगड्यांत मारून हरीण जागच्या जागी पाडणारे लोक आहेत, त्यांचं खोटं नाही, फक्त त्या गोळीत हाडासाठी काही शिल्लक ठेवलेलं नसतं आणि हाड मधे येणार नाही याची खात्री मला तरी कधी देता आलेली नाही. तांब्याच्या गोळीचं विचारलं नाहीत पण विचाराल, बार्न्स कंपनीने १९८९ पासून हा प्रकार रुळवला, ती फुटतच नाही, जवळपास पूर्ण वजन टिकवते आणि बहुतेक वेळा आरपार जाते. मांसात शिशाचे कण जातात म्हणून घरात लहान मुलं असतील तर मी तीच घ्या म्हणेन, कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. फक्त तांबं हलकं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, तेव्हा एक पायरी खाली या, .३०८ मध्ये १३०, ७ एमएम-०८ मध्ये १२०, आणि तिला स्पीड हवा म्हणून फार लांबून मारू नका. हे सगळं अर्थातच लायसन्स आणि सीझन असलेल्या ठिकाणाबद्दल, तिथले कॅलिबरचे आणि गोळीचे नियम आधी बघा. जो डबा शिकारीला नेणार त्याच गोळीने झिरो करा, म्हणजे रायफलचा नेम जुळवून घ्या, ब्रँड बदलला की पॉइंट ऑफ इम्पॅक्ट, म्हणजे गोळी लागायची जागा, सरकतो.

आणि रायफल तिन्हीतली कोणती, तर जी खांद्याला नीट बसते आणि जिच्या धक्क्याने ट्रिगर दाबताना डोळे मिटत नाहीत ती. मला विचाराल तर ७ एमएम-०८.