अण्णांचा श्वास छोटा का ठेवलाय?

प्रश्न: अण्णा न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर आहेत, डॉक्टरांनी टेपने उंची मोजली आणि श्वास मुद्दाम छोटे ठेवलेत म्हणाले. हवा कमी नाही ना पडणार? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, उंची मोजली हे फार बरं केलं. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुसं मोठी होत नाहीत, ती उंचीप्रमाणेच असतात. आजारात फुफ्फुसाचा बराच भाग पाणी भरून बंद पडतो, मग मोठा श्वास दिला की सगळी हवा उरलेल्या चांगल्या भागात घुसते आणि तोच ताणून खराब होतो. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे १२ ऐवजी ६ मिली दिलं तर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ वर आले, केवढा फरक! अण्णा साडेपाच फूट असतील तर साधारण ३८० मिली, आणि श्वास छोटा म्हणून मिनिटाला जास्त वेळा देतात. प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास आत भरून क्षणभर थांबवल्यावर फुफ्फुसात मोजलेला दाब, ३० च्या आत आहे ना, एवढं राउंडला नक्की विचारा.