मिरीच्या घराण्यात झुडूप कुठून आलं?

प्रश्न : पायपर अडंकम नावाच्या झुडपाबद्दल वाचलं, पानं चुरली की मस्त मसालेदार वास येतो म्हणे आणि ते मिरीच्या कुळातलं आहे. पण मिरी तर वेल ना? मग हे झुडूप कसं? आणि झाडाला एवढा वास हवाच कशाला? कुंडीत लावलं तर चालेल का?

उत्तर : मिरी वेल, पिंपळी वेल, विड्याचं पान पण वेलीचंच, त्यामुळे सगळं खानदान वेलींचं असणार असं वाटणं साहजिक आहे. पण पायपर या प्रजातीत 2000 च्या वर जाती आहेत आणि अमेरिकेच्या उष्ण जंगलांत त्यातल्या कितीतरी सरळ उभ्या वाढतात, झुडपं नाहीतर छोटी झाडं म्हणून. अडंकम मूळचं तिकडचंच, मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत सापडतं आणि 6-7 मीटरपर्यंत सहज जातं. नातं ओळखायचं असेल तर खोडाची पेरं बघा, ती सुजल्यासारखी फुगलेली असतात, अगदी मिरीसारखीच. पानं लांबट, वरून खरखरीत, देठापाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात. फुलं शोधायला गेलात तर निराशा होईल, पाकळ्याच नाहीत! पानासमोर उंदराच्या शेपटीसारखा एक वाकडा तुरा येतो आणि त्यावर शेकडो बारीक फुलं खच्चून बसलेली असतात.

आता वासाचं. तो आपल्यासाठी नाहीये, किड्यांसाठी आहे :) पानात तेलाच्या सूक्ष्म पेशी असतात, पान चावलं किंवा चुरलं की त्या फुटतात. या तेलात बऱ्याच ठिकाणच्या झाडांमध्ये डिलापिओल नावाचं रसायन भरपूर असतं (शेपूच्या काही प्रकारांतही हेच सापडतं), काही ठिकाणच्या झाडांत मात्र दुसरीच द्रव्यं जास्त, म्हणजे जात एक पण वास एकच असेल असं नाही. डिलापिओलची गंमत अशी की किड्याच्या शरीरात विष पचवून टाकणारी जी एन्झाइम्स असतात त्यांनाच ते अडवतं, त्यामुळे सोबत दुसरं कीटकनाशक असेल तर त्याचा दणका वाढतो. पेरूमध्ये या झुडपाला मातिको म्हणतात आणि जखमेवर पानं लावायची तिथली जुनी पद्धत आहे. पण म्हणून त्याचं तेल पोटात घ्यायचे प्रयोग कोणी करू नका, किड्याला जड जाणारी गोष्ट आपल्याला हलकी जाईलच असं थोडंच आहे.

पानं कीड लांब ठेवायला बघतात तर फळं उलट पाहुणे बोलावतात. तिकडची कॅरोलिया ही छोट्या शेपटीची वटवाघळं पायपरच्या फळांवर तुटून पडतात, पिकलेला तुरा रात्री वासाने हेरायचा, उडता उडता तोडायचा, दुसरीकडे लटकून खायचा आणि थोड्याच वेळात बिया विष्ठेतून टाकून मोकळं व्हायचं. बिया इतक्या बारीक की त्यात शिदोरी अशी काही नसतेच, त्यामुळे गर्द सावलीत त्या रुजत नाहीत, उजेड लागतो. म्हणून हे घनदाट रानातलं झुडूप म्हणण्यापेक्षा दरड कोसळलेली जागा, रस्त्याची कड, शेती सोडून दिलेली जमीन इथलं पहिलं बिऱ्हाड म्हणणं जास्त बरोबर.

आणि तिथेच कुंडीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, माझं मत विचाराल तर नको. मूळ प्रदेशात ते उघडी पडलेली जमीन झाकतं, चांगलंच काम करतं, पण पापुआ न्यू गिनी, फिजी अशा ठिकाणी बाहेरून आलं आणि मोकळ्या जमिनींवर त्याचीच झाडी माजली, स्थानिक रोपांना जागाच उरेना. बिया पाखरं-वटवाघळं नेतात, कुंडी घरात असली म्हणून ती थोडीच थांबणार आहेत. हौसच असेल तर पिंपळी किंवा मिरी लावा, फुगलेली पेरं आणि पानासमोरचा तुरा दोन्ही तिथेही बघायला मिळतील.