शब्दांची विचारपूस : देवळालीचा ताप आणि नेल्सनचा डोळा

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये नोकरी करते. तिच्या कचेरीत एका सहकाऱ्याविषयी 'ही हॅज गॉन डूलॅली' असे कोणी म्हणाले. हा शब्द आमच्या देवळालीवरून आला, असे ती सांगते. यात कितपत तथ्य आहे? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : मुलीचे म्हणणे बरोबर आहे. एकोणिसाव्या शतकात देवळालीला ब्रिटिश फौजेची छावणी होती आणि नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणारे जहाज मिळेपर्यंत तेथे ठेवीत असत. ही जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच सुटत, त्यामुळे मोसम उलटून गेल्यावर छावणीत पोहोचलेल्या शिपायाला पुढचे कित्येक महिने तेथेच काढावे लागत. हाताला काम नाही, वरून उन्हाचा तडाखा, त्यात हिवताप, आणि घर मात्र समुद्रापलीकडे. अशा अवस्थेत कोणी दारूच्या आहारी जाई, तर कोणी भ्रमिष्टासारखे वागू लागे. अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला, असे सोबती म्हणत. यातल्या 'टॅप'चा पाण्याच्या नळाशी काडीचा संबंध नाही. तो आपला 'ताप'च आहे. पुढे हा ताप बोलण्यातून गळाला आणि गावाचे नाव तेवढे उरले.

आज ब्रिटनमध्ये 'डोके फिरणे', 'वेड लागणे' अशा अर्थाने हा प्रयोग सर्रास होतो. 'दिवसभर या पोरांना सांभाळून मी डूलॅली होईन,' असे थकलेली आई सहज म्हणते आणि त्यात कोणाचा अधिक्षेप नसतो. मात्र खरोखर मनोविकाराने आजारी असलेल्या माणसाविषयी तो वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण या शब्दाच्या मुळाशी हाल सोसलेली खरी माणसे आहेत.

प्रश्न : 'टर्न अ ब्लाइंड आय' याचे भाषांतर 'दुर्लक्ष करणे' असे केले तर चालेल का? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : चालेल, पण अर्थाची धार बोथट होईल. दुर्लक्ष नकळतही होते. या वाक्प्रचारात मात्र दिसत असूनही न पाहिल्यासारखे करणे अभिप्रेत आहे. त्यासाठी आपल्याकडे 'कानाडोळा करणे' हा नेमका शब्दप्रयोग आहे. अनधिकृत मजला चढताना रोज दिसत असूनही पालिकेचा अधिकारी नोटीस काढत नाही, तेव्हा तो दुर्लक्ष करत नसतो, कानाडोळा करत असतो. या वाक्प्रचाराशी ब्रिटिश आरमाराच्या नेल्सनची गोष्ट जोडली जाते. कॉर्सिका बेटावरील काल्व्हीच्या वेढ्यात १७९४ साली त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी लढाई थांबवण्याची निशाणी दिली, तेव्हा त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि आपल्याला निशाणी दिसतच नाही असे सांगितले, अशी ही कथा आहे. तिच्या तपशिलांविषयी अभ्यासकांत शंका असली, तरी वर्गात अर्थ समजावण्यासाठी तिच्यासारखे दुसरे साधन नाही.

प्रश्न : 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे काय? चंद्र खरेच निळा दिसतो का? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : अगदी क्वचित, म्हणजे आपल्या भाषेत 'कपिलाषष्ठीचा योग'. एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीच्या चंद्राला हल्ली 'ब्लू मून' म्हणतात. त्याचा रंग नेहमीसारखाच असतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे असे साधारण अडीच-तीन वर्षांतून एकदा घडते. आपला अधिक मासही याच फरकातून येतो. कपिलाषष्ठीसाठी मात्र भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतिपात हे सारे एकत्र जुळून यावे लागते. त्यामुळे दुर्मिळपणात मराठी वाक्प्रचार इंग्रजीहून पुष्कळ पुढे आहे.